मांजरीला घरी सलाइन द्यायचा सेट: १४ महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आमची चिंगी १६ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी क्रॉनिक किडनी डिसीज निघाला, तेव्हा क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) ३.४ होतं म्हणजे आयरिसच्या (प्राण्यांच्या किडनीच्या आजाराच्या पायऱ्या ठरवणारी संस्था) हिशेबात स्टेज ३ (२.९ ते ५.० मध्ये असलं की ३), आणि गेले १४ महिने एक दिवसाआड आम्ही तिला घरीच कातडीखाली सलाइन देतोय. सुरुवातीला डॉक्टरांनी दवाखान्यात दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं आणि सामानाची चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर चारच ओळी होत्या: आरएलची (रिंगर लॅक्टेट, म्हणजे द्यायचं ते सलाइन) बॅग, ड्रिप सेट, सुया, स्पिरिट स्वॅब. कुठली सुई आणि कुठला सेट हे काही त्यात नव्हतं आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. नंतरचे दोन महिने जे हाल झाले ते त्यामुळेच, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, कुणाच्या तरी मांजराचे तेवढे तरी वाचतील.

आधी ड्रिप सेट. पहिल्यांदा मी जो आणला त्याच्या पाकिटावर ६० थेंब म्हणजे १ एमएल असं छापलेलं होतं, मी ते वाचलंच नाही, मला वाटलं सेट म्हणजे सेट. हा मायक्रो सेट असतो, लहान बाळांना आणि मोजून मापून औषध सोडायला वापरतात, त्यातून सलाइन अगदी बारीक पडतं. चिंगीला १०० एमएल द्यायचे होते, रोलर (नळीवरचं वेग कमी-जास्त करायचं चाक) पूर्ण उघडा, बॅग पडद्याच्या दांडीला टांगलेली, आणि २० मिनिटं झाली तरी ६० सुद्धा गेले नव्हते. ती पहिली पाच मिनिटं शांत बसते, मग शेपटी हलायला लागते, मग कान मागे, मग उठते आणि सुई बाहेर. असं चार वेळा झालं. आईला वाटलं चिंगीला सलाइन सोसत नाहीये, बंद करूया. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सेटवर थेंब किती लिहिलेत?" मॅक्रो सेट घ्यायचा, म्हणजे ज्याच्यावर १०, १५ किंवा २० थेंब = १ एमएल असं लिहिलेलं असतं तो. आमचा आता २० वाला आहे आणि पूर्ण समाधान आहे. दुकानात नुसतं ड्रिप सेट म्हणू नका, मॅक्रो म्हणा आणि पाकीट हातात घेऊन आकडा वाचा.

आता सुई, आणि माझ्या मते अख्ख्या सेटमध्ये हीच सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे. आरएल कुठल्याही कंपनीचं घ्या, मांजराला फरक कळत नाही, पण सुई तिच्या अंगाला लागते, तिला फक्त तेवढंच कळतं. मी तीन प्रकार वापरलेत.

पहिली साधी २० नंबरची. सुयांचं गणित उलटं आहे, नंबर जितका लहान तितकी सुई जाड, म्हणजे १८ जाड आणि २२ बारीक. मला बिचारीची दया येऊन आधी मी २२ घेतली होती, ती आत सहज जाते पण सलाइन इतकं हळू जातं की मायक्रो सेटचीच गत. मग २० घेतली. ठीक होती, १०० एमएलला आठ-नऊ मिनिटं लागायची, पण टोचताना दर दोन-तीन दिवसांनी एखादी सुई अशी निघायची की कातडीत शिरतच नाही, आधी कातडी आत दाबली जाते आणि मग टचकन आवाजासारखं काहीतरी बोटाला जाणवतं. तो आवाज चिंगीलाही कळायचा, ती आख्खी दचकायची.

दुसरी बटरफ्लाय, म्हणजे पंखवाली, तिला पुढे छोटी लवचिक नळी असते. हिचा फायदा असा की मांजर जरा हललं तरी सुई जागच्या जागी राहते कारण ओढ नळीवर येते. ज्यांचं मांजर फार चुळबूळ करतं त्यांनी जरूर करून बघावी. तोटा म्हणजे ती बारीक नळी स्पीड खाते. आमच्याकडे १२ मिनिटांच्या खाली कधी आलं नाही, आणि चिंगीचा संयम साताच्या पुढे नाही.

तिसरी टेरुमोची अल्ट्रा थिन वॉल, २० नंबरचीच. थिन वॉल म्हणजे बाहेरून सुईची जाडी तेवढीच पण भिंत पातळ, त्यामुळे आतलं भोक मोठं, सलाइन जास्त जातं. पहिल्याच दिवशी १०० एमएल साडेपाच मिनिटांत गेले. आणि टोच, खरं सांगते, पहिल्यांदा मला वाटलं सुई गेलीच नाही, कारण ती हललीच नाही, मांडीवर तोंड खाली करून तशीच बसून राहिली, मी रोलर उघडला आणि खांद्याजवळ कातडीखाली सलाइनचा फुगा यायला लागला तेव्हा खात्री पटली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हापासून दुसरी सुई घरात आणली नाही. ५ पैकी ५.

एक सुई एकदाच वापरायची. काही जण तीच दोनदा वापरतात असं ऐकलंय, कृपया करू नका, एकदा टोचलं की टोक बोथट होतंच, शिवाय इन्फेक्शन. तसंच ज्यांना ५० एमएलच्या मोठ्या सिरिंजने हाताने ढकलून द्यायला सांगितलंय त्यांनी बॅगच्या रबरातून ज्या सुईने सलाइन ओढलं ती काढून नवीन लावावी, रबरातून गेली की धार जाते. सिरिंजची पद्धत मीही महिनाभर केली, वेग आपल्या हातात राहतो हे चांगलं, पण मधेच सिरिंज बदलताना सुई कातडीत तशीच धरून ठेवायची असते आणि ते एकट्याने जमत नाही.

किती गेलं हे मोजायचं कसं, याचा माझ्या डोक्याला बरेच दिवस ताप होता. बॅगवर रेघा असतात पण बॅग रिकामी होताना चिपकत जाते, मग रेघ वर-खाली दिसते, एकदा १०० समजून १४० दिले होते. नंतर कळलं की वजन करायचं. आरएल जवळजवळ पाण्यासारखंच, १ एमएल म्हणजे १ ग्रॅम धरा. सामानाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा दांडीला अडकवला आणि त्याच्या हुकाला सलाइनची बॅग. सुरुवातीचा आकडा बघायचा, १०० ग्रॅम कमी झाले की रोलर बंद. काटा मात्र ५ किंवा १० ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा, ५० ग्रॅमच्या टप्प्याचे असतात ते उपयोगाचे नाहीत.

दुसरा काटा लहान बाळांना तोलायचा, ५ ग्रॅमचा फरक दाखवणारा, हा चिंगीसाठी. किडनीच्या मांजराला घरी सांभाळताना मला विचाराल तर सुईच्या खालोखाल ही वस्तू. दर रविवारी सकाळी, खाण्याआधी आणि सलाइनच्या आधी वजन. सलाइनच्या आधीच का, तर नंतर केलं तर १०० ग्रॅम फुकटचे वाढलेले दिसतात आणि आपण खुश होतो, मी पहिले तीन आठवडे अशीच खुश होते. फेब्रुवारीत तिचं वजन ३.४२, ३.३८, ३.३० असं तीन आठवड्यांत उतरलं, दिसायला ती तशीच होती, जेवतही होती, फक्त वाटीपाशी जाऊन वास घेऊन ओठ चाटून मागे यायची आणि थोड्या वेळाने परत जायची. ते ओठ चाटणं म्हणजे मळमळ. डॉक्टरांनी मारोपिटंट सुरू केलं, आणि पुढच्या महिन्यात ३.३९ वर आली. काटा नसता तर हाडं हाताला लागेपर्यंत आम्हाला कळलं नसतं.

सलाइन कोमट करणं. यासाठी वेगळे बॅग वॉर्मर मिळतात, मी घेतला होता, परत केला. सिंकमध्ये कोमट पाण्याचं पातेलं आणि त्यात बॅग १५ मिनिटं, बास. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, त्यात मधेच कुठेतरी कडक गरम राहतं आणि कातडीखाली भाजू शकतं. मनगटावर थेंब टाकून बघायचा, गरम नको आणि गारही नको, मांजराचं अंग ३८ ते ३९ डिग्री असतं त्यामुळे आपल्याला किंचित ऊबदार वाटलं पाहिजे. एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती, नळीसुद्धा त्या पाण्यात बुडवायची (टोकाला टोपण घालून), कारण बॅग कोमट असली तरी नळीतलं सलाइन गार असतं आणि पहिला घोट तिला तोच जातो. हे सुरू केल्यापासून पहिल्या पाच सेकंदांत ती जी शहारायची ते थांबलं.

आता कसं देतो ते. आई खुर्चीत बसते, मांडीवर टॉवेल, चिंगी तोंड आईच्या कोपराकडे करून. मी नळीतली हवा काढून घेते (थोडी हवा कातडीखाली गेली तर घाबरू नका, हाताला चुरचुरतं, नंतर जिरते), खांद्यांच्या मध्ये सैल कातडी तीन बोटांनी तंबूसारखी उचलते, सुईचं तिरकं तोंड वरच्या बाजूला, आणि तंबूच्या पायथ्याशी अंगाला समांतर आत. वरून खाली खुपसायची नाही. कातडी आरपार जाऊन दुसऱ्या बाजूने निघाली तर टॉवेल ओला होतो, सुरुवातीला सगळ्यांचं होतं. संपल्यावर सुई काढून त्या जागी अर्धा मिनिट चिमटीत धरायचं. तरी थोडं गुलाबीसर पाणी बाहेर आलं तर ठीक आहे. जो फुगा येतो तो रात्रीत एका पायाकडे किंवा छातीखाली उतरतो, पहिल्या वेळी मी पाय सुजला म्हणून मध्यरात्री फोन केला होता, सकाळपर्यंत जिरला. आमच्याकडे जागा दर वेळी बदलतो, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, नाहीतर तिथली कातडी जाड व्हायला लागते.

फुगा दुसऱ्या दिवशीपर्यंतही तसाच असेल तर मात्र पुढचा डोस स्वतःच्या मनाने द्यायचा नाही, आधी विचारायचं. आणि झोपेत श्वास मोजायचे, एका मिनिटात छाती किती वेळा वर-खाली होते ते, ३० च्या आत पाहिजेत. हार्टचा त्रास असलेल्या मांजराला सलाइन जास्त झालं तर छातीत पाणी साठतं, म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांनी चिंगीचं हार्ट आणि बीपी दोन्ही बघितलं होतं. किती एमएल, किती दिवसांनी, पोटॅशियम घालायचं की नाही, हे सगळं रिपोर्ट बघून तेच ठरवतात, माझे १०० एमएल तुमच्या मांजराचे असतील असं नाही. आणि बॅग घेताना नाव नीट वाचा, डेक्स्ट्रोजची बॅग दिसायला तशीच असते पण ती कातडीखाली द्यायची नसते. एका दुकानात माझ्या हातात डी-फाइव्ह ठेवली होती, आरएल संपलंय हे घ्या चालेल म्हणाले. चालत नाही. मी तिथून परत आले आणि त्या दिवशी चिंगीचं सलाइन राहिलं, पण ते परवडलं.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. पाण्याचं कारंजं घेतलं होतं, चिंगी त्याच्याकडे दोन दिवस बघत बसली आणि मग आपल्या जुन्या पसरट वाडग्याकडे गेली, आता घरात चार ठिकाणी वाडगे ठेवलेत आणि ती भरपूर पिते. रिनल डाएट (किडनीच्या मांजरांचं खास खाणं) जमलं, पण सहा आठवडे लागले, जुन्या खाण्यात चमचा चमचा मिसळून. मळमळ चालू असताना नवीन खाणं पुढे केलं तर ती त्या खाण्यालाच वैतागते, म्हणून आधी मळमळ थांबवा. फॉस्फरस वाढला म्हणून पावडर सुरू आहे, ती खाण्यातच मिसळावी लागते कारण खाण्यातला फॉस्फरस तिथेच बांधायचा असतो, वेगळी दिली तर उपयोग नाही. भूक जाते तेव्हा कानाच्या आतल्या बाजूला लावायचं मिर्टाझापिनचं मलम मिळतं, गोळीची झटापट वाचते, ग्लव्ह्ज घालून लावा कारण ते आपल्याही कातडीतून आत जातं. लिटर बॉक्स बदलून कमी उंचीच्या काठाचा घेतला, तिचे मागचे पाय आता उचलत नाहीत तेवढे, आणि सू इतकी होते की दिवसातून दोनदा साफ करावाच लागतो.

सुया फेकायला जाड प्लास्टिकची झाकणवाली बरणी ठेवलीये, भरली की दवाखान्यात देते, ते त्यांच्या कचऱ्यात घालतात. टोपण परत सुईला लावायला जाऊ नका, मला दोनदा टोचलंय.

मार्क द्यायचे तर मॅक्रो सेट ५, थिन वॉल सुई ५, हुकवाला काटा ४ (बॅटरी लवकर संपते), बाळाचा काटा ५, बॅग वॉर्मर २. गेल्या महिन्यात क्रिएटिनिन ३.६ आलं, म्हणजे फार हललेलं नाही. सलाइनने किडनी बरी होत नाही हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, लघवीतून जे पाणी जातं ते फक्त भरून निघतं. पण सलाइनच्या दुसऱ्या सकाळी ती खिडकीत चढते. आधी स्टूलवर, मग कट्ट्यावर, मग खिडकीत, थांबत थांबत, आणि सलाइन राहिलं त्या दिवशी स्टूलपर्यंतच जाते. कुणाला सुईचा नंबर किंवा सेटचं पाकीट दाखवून खात्री करायची असेल तर विचारा, मी फोटो टाकते.