पाण्यातलं शिसं: घरोघरी फिल्टर की सगळा पाइपच नवा?

जुन्या इमारतीत पाण्याच्या तपासणीत शिसं निघालं की सोसायटीपुढे दोनच वाटा उरतात. प्रत्येक स्वयंपाकघरात फिल्टर, नाहीतर गच्चीवरच्या टाकीपासून नळापर्यंत सगळा पाइप नवा. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सोळा फ्लॅटच्या इमारतीत आम्ही आधी पहिली वाट धरली आणि दोन वर्षांनी दुसरी. सध्या याच विचारात असलेल्यांसाठी हे लिहितोय.

आधी तपासणीबद्दल, कारण गडबड तिथेच होते. आमच्याकडे पहिल्यांदा नमुना घ्यायला आलेल्या मुलाने सवयीप्रमाणे दोन-तीन मिनिटं नळ सोडला आणि मग बाटली भरली. जंतूंच्या तपासणीला ही पद्धत योग्य आहे, पण शिसं तिच्यात लपतं. ते धरणातून येत नाही, पाणी रात्रभर पाइपात आणि नळात थांबलं की तिथून उतरतं. अमेरिकेत या तपासणीसाठी किमान सहा तास न वापरलेल्या नळाचं अगदी पहिलं पाणी घेतात. आम्ही तसंच केलं. पहाटेच्या पहिल्या बाटलीत शिसं मर्यादेच्या वर निघालं, नळ सोडून भरलेल्या बाटलीत मर्यादेच्या आत. आपली मर्यादा, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची (आयएस १०५००), लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सवलत नाही. खिशातल्या टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या यंत्रावर, हे दिसणार नाही. तो लिटरला शेकडो मिलिग्रॅममध्ये मोजतो, आणि हा मामला मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाचा आहे.

आमची इमारत १९८० च्या दशकातली. जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, आणि जोडाच्या आट्यांवर सूत आणि सफेदा. सफेदा म्हणजे मूळचा शिशाचाच लेप, हे मला प्लंबरकाकांनी जुना सॉकेट उघडून दाखवला तेव्हा कळलं. आतून गंजाचा तपकिरी थर आणि आट्यांत अजून चिकटलेलं पांढरट सूत. जीआयवरच्या जस्तातही पूर्वी शिशाचा अंश असायचा, जुन्या पितळी नळांत तर असायचाच. त्यामुळे ‘आमच्याकडे शिशाचे पाइप नाहीतच’ हे उत्तर नाशिकमध्ये खरं असलं तरी पुरेसं नाही.

फिल्टरची बाजू कमी लेखू नका. भिंत फोडावी लागत नाही, शेजाऱ्याची संमती लागत नाही, आज ठरवलं की उद्या बसतो. आरओ शिसं काढतो. नुसता यूव्ही काढत नाही आणि उकळूनही ते जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. आपलं धरणाचं पाणी गोडं आहे. टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तिथे आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये म्हटलं होतं. म्हणून शिशासाठी प्रमाणित कार्बन फिल्टर मिळाला तर तो मला जास्त पटतो. भाड्याने राहणाऱ्यांना, किंवा जुन्या नाशकातल्या ज्या वाड्याचा वाद कोर्टात अडकलाय तिथल्या कुटुंबांना, मी आजही फिल्टरच सांगेन.

आमचं मन फिल्टरवरून उडालं ते त्याच्या बारीक धारेमुळे.

आई पहाटे उठते. पहिलं काम हंडा भरणं, दुसरं चहाचं आधण. फिल्टरखाली हंडा ठेवला तर तो भरेपर्यंत तिची पूजा होते, म्हणून ती सरळ मोठ्या नळाखाली ठेवायची. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा थोडा आवाज चढला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. चूक तिची नव्हतीच. डाळ-तांदूळ धुणं, कुकरमधलं पाणी, कणीक, सगळं मोठ्या नळाचं. फिल्टरचं पाणी फक्त पेल्यात जायचं. आणि पहाटेचं तेच पहिलं पाणी, ज्याच्या बाटलीत शिसं निघालं होतं, रोज आमच्या हंड्यात. इमारतीत चौकशी केली तर कमी-जास्त प्रमाणात घरोघरी हेच. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम सगळ्यात जास्त होतो, आणि खालच्या मजल्यावर एक दीड वर्षांचं बाळ होतं. त्याची पेज कोणत्या नळाच्या पाण्यात शिजते, हे विचारायचं माझ्याने धाडस झालं नाही.

पाइप बदलताना त्रास होतो, हे मान्य. तीन आठवडे धूळ, बाथरूमच्या फुटलेल्या टाइल्स, माझ्या वाट्याला बावीस हजारांच्या आसपास. दोन घरांनी ‘आमचं आतलं राहू द्या’ म्हटलं. तिथे मात्र अडून बसावं असं माझं मत आहे. अर्धा जुना, अर्धा नवा पाइप जोडला की कापाकापीत जुना थर हलतो आणि काही काळ शिसं उलट वाढू शकतं. अमेरिकेतल्या पाणीपुरवठा संस्थांनी हे अनुभवलंय. पाण्यातल्या शिशाबद्दलच्या १९९१ च्या नियमानंतर त्यांचा बराच भर पाण्यात फॉस्फेट वगैरे मिसळून पाइपच्या आत संरक्षक थर धरण्यावर होता. २०१४ मध्ये फ्लिंट शहराने पाण्याचा स्रोत बदलला, गंजरोधक रसायन घातलं नाही, आणि थर सुटून शिसं घराघरांत गेलं. ऑक्टोबर २०२४ च्या नियमाने बहुतेक संस्थांना शिशाचे पाइप साधारण दहा वर्षांत काढायला सांगितलं आणि कारवाईची पातळी, म्हणजे जिच्यावर गेलं की संस्थेला पावलं उचलावी लागतात ती, अब्जात १५ भागांवरून १० वर आणली. सोसायटीच्या टाकीत रसायन घालण्याचा प्रश्नच येत नाही, पण थरावर भरवसा ठेवू नये हे आपल्यालाही लागू पडतं.

नवा पाइप घेताना एवढं पाहा. पीव्हीसीतही शिशाचा स्टॅबिलायझर (प्लास्टिक टिकवणारा घटक) वापरला जायचा, त्यावर केंद्राचे नियम २०२१ मध्ये आले. गोदामात पडून असलेला जुना माल स्वस्तात मिळतो, तो नको. आयएसआय खूण आणि ‘लेड-फ्री’ छापलेलं बघा, बिलावर लिहून घ्या. पितळी नळ त्याच वेळी बदला. काम संपलं की नळांच्या तोंडाच्या जाळ्या काढून धुवा. आमच्या जाळीत चिमूटभर काळपट कीस निघाला होता.

महिन्याने पुन्हा पहाटेची पहिली बाटली भरून दिली, आकडा मर्यादेच्या बराच खाली आला. फिल्टर अजून भिंतीवर आहे, पाहुणे आले की चालू करतो. आई हंडा मोठ्या नळाखालीच ठेवते, आणि आता मी तिला काही म्हणत नाही.