गल्लीसाठी रबरी गतिरोधक: कोणता घ्यावा, कोणता मुळीच घेऊ नये

रस्त्यावर गाड्या सुसाट जातात अशी तक्रार सुरू झाली की वस्तीतून सर्वांत आधी मागणी होते ती रबरी गतिरोधकाची. तो तयार मिळतो, अर्ध्या दिवसात बसतो, रस्ता खोदावा लागत नाही आणि जागा चुकली तर काढून दुसरीकडे लावता येतो. पण या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाणारी अरुंद पट्टी. दुसरी म्हणजे स्पीड कुशन, म्हणजे लेनच्या मधोमध बसणारा रुंद, बसका ठोकळा, ज्याच्या दोन्ही बाजूंना सपाट रस्ता मोकळा राहतो. सायकल चालवणाऱ्यांच्या आणि पायी चालणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर आमचा निकाल असा: अरुंद पट्टी सार्वजनिक रस्त्यावर घेऊच नये. कुशन घ्यावी, पण मोटारसायकलींची वर्दळ कमी असेल तरच. ती जास्त असेल तर रबराचा नाद सोडून डांबराचा लांब उंचवटा करून घ्यावा.

पट्टीबद्दल इतकं ठाम मत का, ते आधी. बाजारात सर्रास मिळणारी पट्टी साधारण ३५० मिमी रुंद आणि ५० मिमी उंच असते, काही ७५ मिमी उंचीच्याही असतात. मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटरच्या आसपास अंतर असतं, म्हणजे पट्टी त्यापुढे फारच आखूड. ताशी ५० किमी वेगाने जाणारं चाक ३५० मिमी अंतर सेकंदाच्या चाळिसाव्या भागात ओलांडतं. एवढ्या वेळात गाडीचा सांगाडा वर उचललाच जात नाही, हादरा टायर आणि सस्पेन्शन गिळून टाकतात. हळू गेलं की मात्र गाडी पूर्ण वर चढते, पूर्ण खाली आपटते आणि आतल्या माणसाला जास्त जाणवतं. म्हणजे ही वस्तू वेगात जाणाऱ्याला सोडते आणि हळू जाणाऱ्याला शिक्षा करते. चालकांच्या हे लवकर लक्षात येतं.

सायकलला सस्पेन्शन बहुधा नसतंच. त्यामुळे ५० मिमीचा उभा चढ थेट मनगटात आणि कण्यात जातो. मागे लहान मुलाची सीट असेल तर ती मागच्या चाकावरच असते, तिथला धक्का सर्वांत मोठा. मग सायकलवाला काय करतो? पाणी वाहून जावं म्हणून पट्टीच्या टोकाशी जी वीतभर जागा सोडलेली असते तिथून निघायला बघतो. पण पॅडल सायकलच्या मध्यरेषेपासून जवळजवळ २० सेमी बाहेर असतं आणि खाली आलं की जमिनीपासून जेमतेम १० सेमी वर राहतं. फूटपाथची कड १५ सेमी उंच असेल तर पॅडल तिला आपटणार आणि माणूस रस्त्याच्या बाजूला पडणार, मागून येणाऱ्या गाडीपुढे. पट्टीची जागा बंद आवारातल्या वाहनतळात आहे. तिथे वेग मुळात कमी असतो आणि सायकलसाठी बाजूने मोकळी वाट ठेवता येते.

आता कुशन. मापं बारकाईने पाहावीत, कारण या वस्तूचं सगळं यश मापांत आहे. रुंदी १.६ ते १.९ मीटर, लांबी २ ते ३.७ मीटर, उंची ६५ ते ८० मिमी. गाडी चढते-उतरते तो उतार १:८ पेक्षा तीव्र नको, बाजूचा उतार १:४ पेक्षा तीव्र नको. म्हणजे ७० मिमी उंचीच्या कुशनला पुढचा उतार किमान ५६० मिमी लांब आणि बाजूचा किमान २८० मिमी हवा. विक्रेता नुसती लांबी-रुंदी सांगत असेल तर उतारांची मापं लेखी मागा. कमी रबरात जास्त उंची दाखवण्यासाठी बाजूचा उतार जवळजवळ उभा केलेले नमुने मिळतात. सायकलचं चाक तिरकं त्यावर गेलं तर घसरतं, पावसात तर हमखास.

रुंदी निवडताना एक ओढाताण कायम राहते. बस आणि अग्निशमन गाडीची चाकं एकमेकांपासून लांब असतात, म्हणून त्या कुशनला दोन चाकांच्या मध्ये घेऊन निघून जाऊ शकतात. मोटारीला ते पूर्ण जमत नाही, तिची चाकं निदान बाजूच्या उतारावर चढतात. कुशन १.६ मीटरची घेतली तर बसच्या मागच्या जोडचाकांपैकी आतलं चाकही बहुतेक वाचतं, पण रुंद मोटारीही फारशा हळू होत नाहीत. १.९ मीटरची घेतली तर मोटारी चांगल्या हळू होतात आणि बसमधल्या प्रवाशांना हादरे बसतात. बसचा मार्ग असेल तर १.६ ते १.७, नसेल तर १.९, असा आमचा सल्ला. रुग्णवाहिका व्हॅनवर बांधलेली असेल तर तिची चाकं बसइतकी लांब नसतात, त्यामुळे ती हादऱ्याविना सुटेल असं गृहीत धरू नका. रुग्णालयाच्या रस्त्यावर आधी त्यांच्या चालकांशी बोला.

सहा मीटर रुंद दुतर्फा रस्त्याचा हिशोब असा बसतो: १.७ मीटरच्या दोन कुशन, दोन्ही कडांना ७५ सेमी, मध्ये १.१ मीटर. कडेचे ७५ सेमी ही सायकलची वाट, आणि ती किमान आहे. तीन चाकांची मालवाहू सायकल जात असेल तर एक मीटरपेक्षा जास्त सोडा, नाहीतर तिचं एक चाक कुशनच्या उतारावर चढतं आणि ती कलंडते. या वाटेत गटाराची जाळी असेल आणि तिच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर आधी जाळी बदलून घ्या. सायकलचं अरुंद टायर त्यात अडकतं.

ही वाट सर्वांत जास्त वेळा कशामुळे बंद होते, तर उभ्या केलेल्या गाडीमुळे. कडेला एक मोटार लागली की सायकलवाल्याला नेमकं कुशनच्या जागीच आत वळावं लागतं, आणि तिथेच मोटारवालाही मधल्या फटीकडे सरकत असतो. म्हणून कुशनच्या आधी आणि नंतर पार्किंगबंदी, आणि ती नुसत्या रंगाने नव्हे तर कडेला खांब किंवा कुंड्या लावून पाळायला लावणारी, ही मागणी गतिरोधकाच्या अर्जातच असायला हवी. वेगळी मागितली तर राहून जाते.

मोटारसायकली आणि स्कूटर मात्र त्याच वाटेने वेग न बदलता निघून जातात. यावर उपाय म्हणून फटीत खांब ठोकण्याचा आग्रह धरला जातो. तो धरू नका, रात्री सायकलच त्या खांबाला धडकते. जिथे दुचाकी वाहनंच बहुसंख्य आहेत तिथे कुशनने वेग कमी होणार नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं.

माल हातात आल्यावर तपासणी. टायरच्या रबराची भुकटी चिकटवून दाबलेला माल आणि उष्णतेने व्हल्कनाइज केलेला माल यांत टिकाऊपणाचा मोठा फरक आहे. कोपऱ्यावर किल्लीने जोरात खरवडा. दाणे सुटून हातात आले तर चाकांखाली कडा लवकर झिजतील. तुकडा उलटा करून पाहा. खालची बाजू जितकी पोकळ, तितका तो प्रत्येक चाकाखाली दबतो आणि बोल्ट ढिले होतात. पिवळा भाग घडवतानाच आत बसवलेला हवा, वरून रंगवलेला किंवा चिकटवलेला नको. बोल्टच्या भोकाला आत धातूची वाटी असेल तर उत्तम, नसेल तर रुंद वॉशर घालाच.

बसवणी बिघडते ती बहुतेक वेळा डांबरामुळे. काँक्रीटच्या रस्त्यावर फुगणारा अँकर बोल्ट चांगला धरतो. डांबर उन्हाने मऊ होतं आणि अँकर जितका फुगतो तितकं ते बाजूला सरकतं, त्यामुळे पकड काही आठवड्यांत जाते. डांबरात रासायनिक अँकर वापरावा, म्हणजे भोकात रेझिन भरून त्यात बोल्टचा दांडा बसवायचा. त्याआधी बारीक बिटने एक चाचणी भोक पाडा आणि भुशाचा रंग बघा. काळा भुसा संपून करडा भुसा किंवा खडी वर येऊ लागली की डांबराचा थर संपला. थर १०० मिमीपेक्षा पातळ असेल तर तिथे रबरी कुशन टिकणार नाही.

१२ मिमीच्या दांड्याला १४ मिमीचं भोक पाडा. भोक आधी हवेने फुंकून काढा, मग तारेच्या ब्रशने घासा, मग पुन्हा फुंका. हा भाग कंटाळवाणा असल्यामुळे कामगार तो गाळतात, आणि रेझिन रस्त्याऐवजी धुळीला चिकटतं. भोक ओलं असेल तर काम पुढे ढकला. रेझिन तळापासून वर भरत या, म्हणजे आत हवा अडकत नाही. किती वेळ सुकू द्यायचं ते नळीवर तापमानाप्रमाणे दिलेलं असतं. तेवढा वेळ रस्ता बंद ठेवायची तयारी नसेल तर काम सुरूच करू नका. नट आवळताना रबर दबेपर्यंत पिळू नये, वॉशर रबराला घट्ट टेकला की पुरे. आठवड्याने सगळे नट एकदा तपासून आवळा, नंतर महिन्याला एकदा.

जागा सरळ रस्त्यावरची निवडा. वळणावर टायर आडवं घासतं, थांब्याजवळ बस ब्रेक दाबते. दोन्ही ठिकाणी बोल्टवर आडवा जोर येतो आणि एकेक तुकडा निघू लागतो. तुकडा निघाला की रस्त्यात उभा राहतो तो उघडा बोल्ट. तो टायर फाडतो आणि अंधारात सायकलवाल्याला पाडतो. म्हणून तुकडा निघाल्यास त्याच दिवशी बोल्ट जमिनीलगत कापायची जबाबदारी कोणाची, हे करारात नावानिशी लिहून घ्या.

कुशनच्या एका जोडीपासून पुढच्या जोडीपर्यंत ६० ते ८० मीटर अंतर ठेवावं. शंभराच्या पुढे गेलं की मधे गाड्या पुन्हा वेग घेतात. एकच जोडी लावून भागत नाही.

डांबराच्या उंचवट्याबद्दल. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत ३.७ मीटर लांबीचा, कंसाच्या आकाराचा उंचवटा तयार झाला. तो पट्टीच्या नेमका उलट वागतो: वेग वाढेल तसा त्रास वाढतो. त्याचीच सायकलसाठी सुधारलेली आवृत्ती म्हणजे साइन वक्राचा उंचवटा, ज्याची सुरुवात आणि शेवट जमिनीत विरून जातात. ३.६ मीटर लांब आणि ७५ मिमी उंच घेतला तर कडेपासून दर ३० सेमीला उंची अशी हवी: ५, १९, ३८, ५६, ७० आणि मध्यावर ७५ मिमी. साध्या कंसाला पहिल्या ३० सेमीतच २३ मिमीच्या आसपास चढ येतो. सायकलला बसणारा धक्का तोच. ही मापं फळीवर कापून साचा करा आणि रोलर फिरत असतानाच लावून बघा. डांबर थंड झाल्यावर दुरुस्ती होत नाही. मोटारसायकलीही या उंचवट्याने हळू होतात, म्हणून दुचाकींच्या रस्त्यावर आमची पसंती यालाच आहे.

कोणतीही वस्तू बसवण्याआधी वेग मोजा. रस्त्यावर ३० मीटरवर दोन खुणा करा आणि गाडीला लागलेले सेकंद टिपा. १०८ भागिले सेकंद म्हणजे ताशी किमी: ३.६ सेकंद म्हणजे ३०, २.७ म्हणजे ४०, २.१६ म्हणजे ५०. हाताने घड्याळ दाबण्यापेक्षा मोबाइलवर चित्रण करून फ्रेम मोजणं जास्त अचूक. पुढे मोकळा रस्ता असलेल्या शंभर गाड्या मोजा, वेगाच्या क्रमाने लावा आणि सर्वांत वेगवान १५ बाजूला काढा. उरलेल्यांतला सर्वांत मोठा आकडा अर्जात लिहायचा. सोबत हेही लिहा: प्रतिक्रियेला एक सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक धरला तर ३० च्या वेगाची गाडी १३ मीटरमध्ये थांबते, ५० च्या वेगाची सुमारे २८ मीटरमध्ये.

अर्जाला रस्त्याचा नकाशा जोडा: दिव्यांचे खांब, गटाराच्या जाळ्या, फाटकं, आणि प्रत्येक जोडीची जागा मीटरमध्ये. रस्ता ज्या संस्थेच्या ताब्यात आहे तिच्या लेखी परवानगीशिवाय स्वतः काही ठोकू नका. कोणी पडलं तर जबाबदारी ठोकणाऱ्यावर येते. बसवल्यावर महिन्याभराने त्याच खुणांवर, त्याच वेळी, पुन्हा शंभर गाड्या मोजा, आणि दोन जोड्यांच्या बरोबर मध्यावरही मोजा. कुशनवर वेग उतरला पण मध्यावर आकडा ३० च्या वर राहिला, तर कुशन उंच करायची मागणी करू नका. मधे आणखी एक जोडी मागा.