सहीत पैसे घालावेत का? क्रिकेटपटूची बॅट, माळ्यावरची पत्रं आणि बँकेतली ठेव

हातात 50,000 रुपये मोकळे आहेत आणि कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर मोठ्या क्रिकेटपटूच्या सहीच्या बॅटचा फोटो टाकून ‘काही वर्षांत दुप्पट’ म्हणतोय. समोर तीन वाटा आहेत: ती बॅट, कुणा लेखक-पुढाऱ्याचं सहीचं जुनं पत्र, नाहीतर गुपचूप बँकेत ठेव.

ठेवीचा हिशेब लगेच संपतो. सात टक्के व्याज धरलं तर 50,000 चे दहा वर्षांत साधारण 98,000 होतात. बॅटीवर व्याज नाही. विकताना लिलावघराचं कमिशन, मुंबईची खेप आणि पॅकिंग यांत 20 टक्के गेले असं समजा; मग ठेवीची नुसती बरोबरी करायला तिला 1,23,000 च्या आसपास भाव यायला हवा. शिवाय सोनं सावंतवाडीतल्या पेढीवर तासाभरात मोडता येतं. सहीला आधी गिऱ्हाईक शोधा, आणि ते बहुतेक वेळा तळकोकणात नसतंच.

आता बॅट. माणूस जितका मोठा तितकी सही महाग, असं वाटतं खरं, पण बाजार टंचाईला पैसे देतो. डॉन ब्रॅडमन आयुष्यभर चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं देत राहिले, ढिगाने सह्या केल्या. त्यामुळे नाव एवढं मोठं असूनही त्यांची साधी कागदावरची सही दुर्मीळ नाही. उलट बटन ग्विनेट हे नाव आपल्याकडे कुणाला माहीत असणार? अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या 56 जणांपैकी हा एक. 1777 मध्ये द्वंद्वात मेला, सह्या जेमतेम पन्नासएक उरल्या, आणि 2010 मध्ये त्यातली एक सात लाख डॉलरच्या वर गेली. आज खेळणारा किंवा पडद्यावर झळकणारा माणूस पुढची तीस वर्षं सह्या करणार आहे. तुमची बॅट त्या सगळ्या सह्यांच्या रांगेत उभी राहणार.

त्यात खोटेपणा. 1990 च्या दशकात अमेरिकेत एफबीआयने खोट्या सह्यांच्या धंद्यावर ‘ऑपरेशन बुलपेन’ चालवलं, तेव्हा मदर तेरेसांची ‘सही’ असलेले बेसबॉलसुद्धा सापडले! म्हणजे बनावट करणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या अकलेची किती खात्री असेल बघा. 2022 मध्ये अमेरिकन गायक बॉब डिलनच्या पुस्तकाच्या ‘स्वहस्ते सही केलेल्या’ प्रती 599 डॉलरला विकल्या गेल्या. सह्या यंत्राने केल्याचं उघड झालं आणि प्रकाशकाला पैसे परत करावे लागले. तिथे विकणारा नामांकित प्रकाशक होता, इथे व्हॉट्सअ‍ॅपवरचा अनोळखी नंबर आहे. विकणाऱ्याने स्वतःच छापलेलं ‘सर्टिफिकेट’ म्हणजे नवरदेवाच्या आईने दिलेलं नवरदेवाचं प्रशस्तिपत्रक. सही होतानाचा फोटो किंवा व्हिडिओ, वस्तू कुणाकडून कुणाकडे आली याचे कागद, आणि ज्याला या विक्रीतून काही मिळत नाही अशा जाणकाराचं मत, एवढं असेल तरच पुढे बोला. भिंग घेऊन बघा: छापील सहीत बारीक ठिपके दिसतात, यंत्राच्या सहीत दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असतो. खऱ्या हाताचा दाब कमीजास्त होतो.

एक अपवाद मी मानतो. अलिबागेत किंवा तारकर्लीत कुणी नामांकित भेटलं आणि तुम्ही वही पुढे केलीत, तर ती सही फुकट आहे, बुडण्यासारखं काही नाही. फक्त ‘प्रिय संतोषला’ असं लिहून घेऊ नका. संतोषला आनंद होईल, बाजारात भाव उतरेल.

जुन्या पत्रांचं गणित वेगळं, आणि माझा कल तिकडेच आहे. गांधीजी हरिजन निधीसाठी सहीमागे पाच रुपये घेत. अशी नुसती सही ही एक गोष्ट, आणि पानभर मजकुराखाली आलेली सही ही दुसरी. पत्रात काय लिहिलंय, कुणाला, कधी, यावर किंमत ठरते. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते. साने गुरुजी रत्नागिरी जिल्ह्यातल्याच पालगडचे. या पट्ट्यातल्या घरांत, माळ्यावरच्या पेटीत असली पत्रं निघणं अशक्य नाही, आणि त्यांना भांडवल शून्य लागलेलं असतं. विकत घ्यायचंच तर 50,000 मध्ये मोठ्या नावाचं नुसतं सहीचं चिटोरं घेण्यापेक्षा मधल्या नावाचं, मजकूर असलेलं पत्र घ्या.

पण परदेशातल्या लिलावांचे आकडे वाचून हुरळू नका. पुरातन वस्तूंबाबतच्या 1972 च्या केंद्रीय कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्य असलेला, 75 वर्षं जुना कागद पुरावशेष ठरतो आणि खाजगी माणसाला तो देशाबाहेर विकता येत नाही. साने गुरुजी जून 1950 मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या हातचं असं कुठलंही पत्र आता या व्याख्येत बसतं. गिऱ्हाईक भारतातलंच, आणि मराठी कागदाला बहुधा मराठीच.

आणि आपला पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. आषाढात चिऱ्याची भिंत ओल धरते, तिच्यावर टांगलेल्या फ्रेममध्ये बुरशी शिरते, खाऱ्या हवेने टाचण्या गंजून कागदाला तांबडे डाग पडतात, उरलेलं कसर खाते. चेंडूच्या चामड्याला बुरशी लवकर लागते आणि बॅटीवरची मार्करची शाई उन्हात उडते, त्यामुळे इथेही पत्रच उजवं. शाईचं पत्र अंधारात, कोरडं ठेवलं तर शंभर वर्षं सहज जातं. टाचण्या काढा, आम्लरहित कागदात घाला, लोखंडी कपाटात आतल्या भिंतीला ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात बदलत राहा. लॅमिनेशन मात्र करू नका. झेरॉक्सवाला वीस रुपयांत करून देतो आणि पत्राची किंमत तिथेच संपते.

मुलाची फी किंवा घराचं छप्पर यासाठी लागणारा पैसा असेल तर तिन्हींत ठेवच. ती रक्कम दहा वर्षं विसरता येत असेल आणि तुम्हाला पत्र लिहिणाऱ्या माणसाबद्दल मुळातच कुतूहल असेल, तर पत्र. बॅट मी घेणार नाही. आणि आजोळच्या पेटीत काही सापडलं, तर पहिल्या फोनवर भाव सांगणाऱ्याला देऊ नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकीट आणि त्यावरचा पोस्टाचा शिक्का जपा, कारण तारीख आणि गाव तिथेच असतं.