कृत्रिम लाळेची बाटली: सुकलेल्या तोंडाला चांगली, सुजेवर निरुपयोगी

तांदळाची भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय घशाखाली उतरत नाही, रात्री जीभ टाळूला चिकटते, सुकटीची चटणी नको इतकी झोंबते, अशांनी कृत्रिम लाळ जरूर घ्यावी. यातल्या कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजमुळे पाण्याला बुळबुळीतपणा येतो आणि ओल जास्त वेळ टिकते. थोडी तोंडात घ्यायची, जिभेनं गालांच्या आतून, टाळूवर, हिरड्यांवर फिरवायची. जेवणाआधी आणि झोपताना ती जास्त कामाची. कवळी असेल तर तिला आतून पातळ हात द्यावा, घासून होणाऱ्या जखमा कमी होतात.

उणीव मोठी आहे: परिणाम तासाभरात ओसरतो, बऱ्याचदा त्याआधीच. खरी लाळ दातांना जपते तसं ही जपत नाही, म्हणून फ्लोराइडची टूथपेस्ट दोन्ही वेळा हवीच. लेबलवर सायट्रिक आम्ल असेल आणि तोंडात स्वतःचे दात असतील, तर दुसरी बाटली मागावी. सुक्या तोंडात आम्ल धुऊन जात नाही, दात झिजतात. दिवसभर आमसूल चघळणं किंवा कोकम सरबताचे घोट घेत राहणं याच कारणानं वाईट. बिनसाखरेचं च्युइंगम बरं, पण लाळग्रंथीत थोडी तरी लाळ बनत असेल तरच.

बाटली घेण्याआधी तोंड का सुकलं ते शोधा. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, नैराश्यावर किंवा नसांच्या दुखण्यावर देतात ती ॲमिट्रिप्टिलिन, लघवी वाढवणारी बीपीची गोळी यांनी हे होतं. गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल, सांधेही दुखत असतील, तर शोग्रेन आजाराच्या (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते) तपासण्या करून घ्याव्यात.

सूज हा वेगळाच मामला. कैरीचं लोणचं तोंडात पडताच जबड्याखाली गोळा टरारून येतो आणि जेवणानंतर तास-दोन तासांत उतरतो, तेव्हा पहिला संशय लाळेच्या नळीत अडकलेल्या खड्याचा. दहातले आठ खडे जबड्याखालच्याच ग्रंथीत होतात: तिथली लाळ घट्ट, नळी लांब आणि वर चढणारी. इथे बाटलीचा उपयोग नाही, सोनोग्राफी करा. ताप, लाली किंवा जिभेखालून खारट, घाण चवीचा पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जिभेखालचा भाग फुगून गिळणं वा श्वास जड झाला, तर वाडीवरून निघायला सकाळची वाट पाहू नका.

मुलाला ताप येऊन कानांपुढे गाल सुजले तर बहुधा गालगुंड. पण मोठ्या माणसाच्या कानाच्या पाळीखाली न दुखणारी, महिनोन्महिने वाढणारी गाठ म्हणजे गालगुंड नव्हे. लेप लावत बसू नका, सुईनं गाठीतल्या पेशी काढून तपासून घ्या. त्या बाजूचा चेहरा वाकडा होऊ लागला तर लगेच.