बुर्ग एल्त्स बघून आलो: भावकीचा किल्ला

आई-बाबा सध्या इकडे जर्मनीत आलेत, त्यामुळे गेल्या शनिवारी त्यांना घेऊन बुर्ग एल्त्सला गेलो. कोब्लेन्झ आणि ट्रिअरच्या मधे, मोझेल नदीपासून जरा आत, जंगलात लपलेला किल्ला आहे. जुनी 500 मार्कची नोट कुणाकडे असेल तर मागच्या बाजूला बघा, तोच हा. आणि सरकारी नाही बरं का, खाजगी आहे, 1157 सालच्या कागदात एल्त्स घराण्याचं नाव येतं तेव्हापासून आजपर्यंत त्याच लोकांकडे, 33-34 पिढ्या झाल्या.

पार्किंग वर आहे, तिथून पंधरा मिनिटं उतरत चालायचं नाहीतर छोटी बस घ्यायची. आम्ही चाललो. एका वळणावर किल्ला एकदम समोर येतो, आणि तोही खाली! बाबांचं अर्धं आयुष्य सह्याद्रीत ट्रेक करण्यात गेलेलं, ते तिथेच थांबले आणि म्हणाले, "अरे ही कसली जागा, समोरच्या टेकडीवरून शत्रूला गडाचं अंगण दिसतंय की!" आता 70 मीटरचा खडक आहे, तीन बाजूंनी ओढ्याचा वेढा आहे, पण त्यांचा मुद्दा बरोबरच निघाला कारण 1331 मध्ये ट्रिअरच्या बाल्डुइन नावाच्या आर्चबिशपने (धर्मगुरू, पण त्या भागाचा सत्ताधीशही) नेमकं हेच केलं, जवळच्या उंचवट्यावर दुसरी गढीच बांधली आणि तिथून दगडी गोळे टाकत बसला. 1336 ला तह झाला, त्याचं वर्चस्व मान्य करावं लागलं, पण किल्ला घराण्याकडेच राहिला. त्या गढीचे पडके अवशेष अजून आहेत. इथेच का बांधला तर खालून मोझेलकडे जाणारा व्यापाराचा रस्ता होता, त्यावर नजर ठेवायला.

पण खरी मजा आत आहे. 1268 मध्ये तीन भावांच्या वाटण्या झाल्या आणि किल्ला एकच, मग काय करणार, प्रत्येक शाखेने आपापलं घर त्याच खडकावर बांधायला घेतलं. जागा वाढणार नाही म्हटल्यावर घरं वरवर चढत गेली, काही मनोरे 35 मीटर उंच आहेत, खाली जाड दगडी भिंत आणि वरचे मजले लाकडी चौकटीचे, हलके. र्‍यूबेनाखवाल्यांचं घर 1472 चं, रोडेनडॉर्फवाल्यांचं त्यानंतरचं, केम्पेनिखवाल्यांचं तर सतराव्या शतकात पुरं झालं. मधे सगळ्यांचं मिळून एवढंसं अंगण, तिथे उभं राहून मान वर केली की तीन वेगवेगळ्या काळातली घरं अंगावर आल्यासारखी वाटतात. आई बघता क्षणी म्हणाली, "हे तर आपल्या वाड्यासारखं झालं, वाटण्या झाल्या पण घर कुणी सोडलं नाही." कुणाचे हक्क काय, कुणाची जबाबदारी काय याचे रीतसर करार होते म्हणे. आमच्या भावकीला हे जमलं असतं तर गावचा वाडा आज उभा असता, असो.

आतली टूर 40 मिनिटांची, गाइडबरोबरच जायचं, फोटो काढायचे नाहीत. मला सगळ्यात आवडली ती झोपायची खोली. भिंतभर रंगवलेल्या वेली, पडदे लावलेला उंच पलंग आणि बाजूला भिंतीतून बाहेर काढलेलं छोटं देवघर, बाहेर का तर देवाच्या डोक्यावर माणसांनी राहू नये म्हणून. त्याच खोलीला लागून संडासही आहे! अख्ख्या किल्ल्यात असे वीसेक आहेत, पावसाच्या पाण्यावर धुतले जायचे. ज्या सामाईक दिवाणखान्यात तिन्ही घरं बसायची तिथे विदूषकाचे मुखवटे आणि दारावर एक गुलाब कोरलाय, म्हणजे इथे मनातलं बिनधास्त बोला पण बाहेर गेल्यावर तोंड बंद. शेवटी स्वयंपाकघर, तिथे आई इतकी रेंगाळली की पुढचा ग्रुप आला.

1689 च्या सुमारास फ्रेंचांनी हा भाग जाळत नेला, पण याच घराण्यातला एक जण फ्रेंच सैन्यात अधिकारी होता, त्याने हा किल्ला पाडायच्या यादीतून काढून घेतला. ओळख कुठेही कामाला येते. 1815 मध्ये केम्पेनिख शाखेने उरलेला हिस्साही विकत घेतला आणि वाटण्या संपल्या.

खजिन्याचं दालन आपापलं बघता येतं, सोन्याचांदीच्या वस्तू आहेत, बाबा दहा मिनिटांत बाहेर.

माझ्याकडून पाचपैकी पाच. एप्रिल ते 1 नोव्हेंबर एवढंच उघडं असतं, शक्यतो सकाळी लवकर जा. आत पायऱ्या भरपूर आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करा. आणि जेवण डब्यात न्या, आम्ही परतताना नदीकाठी एका ठिकाणी थांबलो (नाव नाही घेत), व्हेज म्हणून उकडलेला बटाटा आणि सॅलड आलं, शेवटी गाडीत बसून आईच्या दशम्या खाल्ल्या.