एप्टेशिया घालवायचा कसा: चुना, कोळंबी, बर्घिया की मासा?

रीफ टाकीतल्या, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या खडकावर एप्टेशिया हे तपकिरी, काचेसारखं समुद्रफूल (सी ॲनिमोन, म्हणजे प्राणीच) दिसलं की हात आपोआप चिमट्याकडे जातो. तेवढं मात्र करू नका. एप्टेशियाच्या तळव्याचा कणभर तुकडा खडकाला चिकटून राहिला तरी त्यातून नवं फूल उभं राहतं. नुसतं खडकावरून सरकतानाही ते असे तुकडे मागे टाकत जातं. डिवचलं तर डंखाचे पांढरे धागे बाहेर फेकतं, आणि शेजारच्या प्रवाळाला त्याचा प्रसाद मिळतो. खाणं कमी करून उपाशी मारू म्हणाल, तर तेही जमत नाही. त्याच्या अंगातलं शेवाळ दिव्यावर जगतं आणि त्यालाही जगवतं. खाणं आटोक्यात ठेवलं तर वाढ मंदावते, एवढंच.

मग कोणता उपाय? दुकानदार किंमत सांगून सुरुवात करतो. माझ्या मते आधी दोनच गोष्टी बघाव्यात: किती आहेत, आणि तुमचा हात तिथवर पोचतो का. मोजणी करताना सम्प (खालची फिल्टरची टाकी) आणि ओव्हरफ्लोचा डबा (जिथून पाणी खाली उतरतं तो) हेही उघडून बघा. अंधारात राहूनही हे प्राणी पाण्यातले कण पकडून मजेत जगतात, आणि टाकी साफ झाली तरी तिथून पुन्हा येतात.

हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील तर: पेस्ट

इथे मी दुसरा विचार करणार नाही. रेड सी कंपनीचं एप्टेशिया-एक्स किंवा तशी तयार बाटली घ्या, नाहीतर काल्कवासरची पावडर, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, थोड्या आरओ पाण्यात कालवून दाट पेस्ट करा. हा आपला चुनाच, पण म्हणून पानाच्या डबीतला चुना वापरू नका. त्यात आणखी काय मिसळलंय ते कळायला मार्ग नसतो. डोळ्यांना चष्मा लावाच. चुन्याची पुडी फुटून मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या इजा आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना चांगल्या माहीत आहेत.

सगळी मेख लावण्यात आहे. पंप बंद करा आणि पाणी स्थिर होऊ द्या. सिरिंजची बोथट सुई हळूहळू फुलाच्या तोंडाशी न्या, पाकळ्यांना धक्का न लावता. धक्का लागला की ते भोकात शिरतं आणि त्या दिवसापुरता विषय संपतो. तोंडावर छोटा थेंब सोडलात तर बऱ्याचदा ते खाणं समजून गिळतं आणि मिटून घेतं. मग वरून आणखी थोडी पेस्ट देऊन भोक बुजवायचं. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेला पांढरा गाळ बारीक नळीने ओढून घ्या आणि मग पंप चालू करा.

चुन्याच्या संपृक्त पाण्याचा पीएच 12.4 च्या आसपास असतो. पेस्ट जास्त झाली तर टाकीचाही पीएच चढतो, त्यामुळे छोट्या टाकीत एका बैठकीत तीन-चार फुलं पुरेत, बाकीची दोन दिवसांनी. लिंबाचा रस आणि उकळतं पाणी सिरिंजने देणारेही आहेत. लहान फुलांवर ते चालतं, मोठी पुन्हा डोकं वर काढतात. पेस्टचा खरा तोटा एकच: जे दिसत नाही त्याला ती लागत नाही.

खडकभर पसरले असतील तर: कोळंबी की बर्घिया

पेपरमिंट कोळंबी स्वस्त आणि त्यातल्या त्यात सहज मिळणारी. पण हा जुगार आहे. एखादी आठवड्यात खडक साफ करते, दुसरी फ्लेक (माशांचं सुकं खाणं) खाऊन सुस्त बसते आणि फुलांकडे ढुंकूनही बघत नाही. खाल्लीच तर छोटी फुलं खाते, मोठ्यांच्या वाटेला क्वचित जाते. त्यात दुकानात पेपरमिंट म्हणून कॅमल कोळंबी गळ्यात मारली जाते, ती वेगळीच आफत: ती बटण पॉलिपच (बटणांसारखे दिसणारे, प्रवाळांचे नातलग) कुरतडते. पाठीवर ठळक कुबड, मोठे डोळे आणि लालवर पांढऱ्या पट्ट्या-ठिपक्यांची नक्षी असेल तर घेऊ नका. पेपरमिंट जास्त पारदर्शक असते, अंगावर लाल रेघा असतात.

बर्घिया ही बिनशंखाची, जेमतेम दोन सेंटिमीटरची समुद्री गोगलगाय. मूळची फ्लोरिडा-कॅरिबियनकडची. एप्टेशियाशिवाय काहीही खात नाही, म्हणून बाकी टाकीला तिच्यापासून धोका शून्य. त्याची डंखपेशी पचवत नाही, तर पाठीवरच्या झुपक्यांत साठवून स्वतःच्या बचावाला वापरते! प्रत्येक बर्घिया नर आणि मादी दोन्ही असते, त्यामुळे कुठल्याही दोघी भेटल्या की पांढऱ्या धाग्याच्या चकलीसारखी अंडी दिसू लागतात. ती दिसली की काम मार्गी लागलं समजा.

पण घाई असलेल्याने तिच्या वाटेला जाऊ नये. पहिले काही आठवडे काहीच घडत नाहीये असं वाटतं. फरक दिसायला दोन-तीन महिने धरा. सोडायच्या तर दिवे गेल्यावर, पंप बंद करून, पिपेटने, सगळ्या एकाच खडकाच्या पायथ्याशी. चार कोपऱ्यांत चार सोडल्या तर एकमेकींना सापडतच नाहीत. पंपांच्या तोंडाला जाळी लावा. आणि मुख्य म्हणजे पेपरमिंट कोळंबी किंवा सिक्सलाइन रास हा मासा आधीच टाकीत असेल तर बर्घियावर पैसे घालू नका. ते त्यांचं जेवण होईल. दोन्ही उपाय एकदम करू, हा विचार म्हणूनच फसतो. फुलं संपली की बर्घिया उपाशी मरतात, तेव्हा शेवटच्या काही दुसऱ्या रीफवाल्याला देऊन टाका. आपल्याकडे मात्र त्या कुठल्याही दुकानात गेलं की मिळतील असं नाही. ओळखीतल्या रीफवाल्यांकडे विचारत राहावं लागतं.

मासा

फाइलफिश एप्टेशिया खातो, पण बटण पॉलिप आणि झेनिया हे मऊ प्रवाळही चाखून बघतो. दगडी प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे कायद्यात राहून टाकी ठेवणाऱ्याकडे बहुतेक बटण पॉलिप, मशरूम आणि लेदर असे मऊ प्रकारच असतात. म्हणजे फाइलफिशच्या आवडीचं ताट आपणच मांडून ठेवलेलं. दुसरा मासा कॉपरबँड: देखणा, त्याची लांब चोच भोकातली फुलंही टिपते, पण साधारण 400 लिटरच्या खाली त्याचा विचारच नको. नवा आणलेला कॉपरबँड अनेकदा खाणंच सोडून मरतो. घ्यायचाच असेल तर दुकानदाराला समोर खायला घालून दाखव म्हणावं. नुसत्या एप्टेशियासाठी मी दोघांपैकी एकही आणणार नाही.

खडकच बाहेर काढणं

सगळी फुलं एका सुट्या खडकावर असतील तर तो काढून उन्हात कडकडीत वाळवणं हा सगळ्यात पक्का उपाय, हे लोक विसरतात. खडकावरचं बाकी सगळं मरेल, ते गृहीत धरा. उकळायला मात्र कधीही ठेवू नका. त्यावर पॅलिथोआ (बटण पॉलिपांतलाच एक प्रकार) असतील तर त्यांचं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर घरभर पसरतं. अलास्कात 2012 ते 2014 दरम्यान घरांत आणि ॲक्वेरियमच्या दुकानात या विषाने माणसं आजारी पडल्याची नोंद आहे. पॅलिथोआवाला खडक वाळवायलाही घेऊ नका, घासू नका. हातमोजे घालूनच त्याला हात लावा आणि तिथली फुलं पेस्टनेच मारा.

माझा कौल असा. नॅनो (छोटी) टाकी, चार-पाच फुलं: पेस्ट. मोठी टाकी, भोकाभोकांत फुलं, आणि बर्घिया मिळते आहे: बर्घिया, मध्ये पेस्ट नाही. बर्घिया मिळत नसेल तर मोठी फुलं पेस्टने मारा आणि बारीकसारीक उरलेली दोन-तीन पेपरमिंटवर सोपवा. खाणं थोडं हात राखून घाला, म्हणजे त्या शिकारीला निघतील. तुमचं ते फूल एप्टेशिया नसून मजानो हे दुसरं समुद्रफूल असेल, म्हणजे आखूड, जाड, टोकं फुगीर आणि हिरवट, तर बर्घिया तोंड लावणार नाही, तिथे पुन्हा पेस्टच. आणि नवं फ्रॅग (प्रवाळाचा कापलेला तुकडा) आणाल तेव्हा त्याचा प्लग (तो चिकटवलेला छोटा आधार) तोडून फेकून द्या, बहुतेकांकडे हे पाहुणे त्याच्याच खालच्या बाजूला बसून येतात.