फिशफाइंडरच्या साइडस्कॅनवर बुडालेली जहाजं सापडतात का? स्टॉकहोमच्या बेटांतला एका मोसमाचा अनुभव

मे महिन्यात आमच्या डायव्हिंग क्लबच्या होडीवर साइडस्कॅनवाला फिशफाइंडर बसवला, म्हणजे ध्वनीच्या लहरी सोडून होडीच्या दोन्ही बाजूंच्या तळाचं चित्र काढणारं सोनार यंत्र. मासे पकडण्यात कुणालाच रस नव्हता, बेटांमधल्या पाण्यात बुडालेली जुनी लाकडी जहाजं शोधायची होती. आता मोसम संपून होडी वर काढली आहे, तर लिहून टाकतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, सर्व्हिसबद्दल पुढे बोलायचंय.

आधी जागेबद्दल. महासागराच्या पाण्यात मीठ किलोमागे ३५ ग्रॅम, इथे जेमतेम ६. लाकूड पोखरणारा शिपवर्म इतक्या गोड्या पाण्यात तग धरत नाही, म्हणून तीन-चारशे वर्षांपूर्वीची जहाजं तळाशी उभीच्या उभी असतात. आपल्या कोकणात लाकूड असं उघडं राहिलं असतं तर किड्यांनी कधीच फस्त केलं असतं. थोडक्यात, सोनारला दिसायला इथे खाली काहीतरी शिल्लक आहे.

आता यंत्र. वीसेक मीटर खोलीपर्यंत चित्र झकास येतं. ४५५ किलोहर्ट्झच्या ध्वनीवर लांबचं दिसतं, ८०० वर जवळचं पण रेखीव. होडी ताशी सात-आठ किलोमीटरच्या वेगाने, नाकासमोर सरळ न्यायची, परत फिरून शेजारची पट्टी घ्यायची. कंटाळवाणं काम आहे. लाट आली की सगळं चित्र नागमोडी होतं, आणि शेजारून फेरीबोट गेली की ती पट्टी फुकट. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की खालच्या थंड थराशी ध्वनी वाकतो आणि पट्टीची लांबची कड निरुपयोगी होते. आमची कामाची चित्रं बहुतेक सप्टेंबरनंतरची आहेत.

खरी मेख सावलीत आहे. पडद्यावर वस्तूपेक्षा तिच्यामागची काळी सावली जास्त सांगते, कारण तिच्यावरून उंची काढता येते: सावलीची लांबी गुणिले सोनारची तळापासून उंची, भागिले सोनारपासून सावलीच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. आम्हाला एका ठिकाणी दोन ओळींत बारीक काळ्या रेघा दिसल्या. २० मीटर खोली, वस्तू ३८ मीटरवर, सावली २ मीटर, म्हणजे उंची १ मीटर. खडकाला अशा समांतर ओळी नसतात. खाली गेल्यावर जहाजाच्या बरगड्याच निघाल्या, गाळातून कमरेएवढ्या वर आलेल्या.

या स्वस्त यंत्राची मर्यादाही इथेच कळते. ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा भाग) होडीच्या बुडाला असल्यामुळे तो फार उंचावरून बघतो आणि सावल्या आखूड पडतात. तीच बरगडी होडीमागे केबलने, तळापासून ४ मीटरवर ओढत नेलेल्या सोनारने पाहिली, तर सावली बारा-तेरा मीटरची पडेल. तीस मीटरच्या खाली आमच्या पडद्यावर खडक, ओंडका आणि जहाज यांत फरकच करता येईना.

सॉफ्टवेअर टुकार. रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं, आणि तक्रारीला ‘अपडेट करून पाहा’ हे एकच उत्तर. ब्रॅकेटचे स्क्रू पहिल्याच महिन्यात गंजले, ते आम्ही स्टेनलेसचे घातले.

सांगाडा सापडला म्हणजे जहाजाचं नाव कळलं असं नाही, हे नवीन घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. १९५६ मध्ये बुडालेली जहाजं शोधणाऱ्या आंदेर्स फ्रान्झेनने १६२८ मध्ये बुडालेलं स्वीडिश युद्धजहाज ‘वासा’ शोधलं ते लाकडाचा तुकडा कापून आणणारं लोखंडी वजन दोरीने सोडून; काळं पडलेलं ओक वर आलं. पण पाणबुड्याने खाली चाचपडत तोफांच्या खिडक्यांच्या दोन ओळी ओळखल्या, तेव्हा कुठे खात्री पटायला लागली. २०१९ मध्ये स्टॉकहोमजवळच्या वाक्सहोल्मपाशी दोन मोठी जहाजं सापडली, त्यांतलं एक ‘वासा’चं भावंड, म्हणजे त्याच्या जोडीचं जहाज ‘एप्लेत’ असावं असं वाटलं होतं. निघाली १६४८ मध्ये बांधलेली ‘अपोलो’ आणि ‘मारिया’. खरं ‘एप्लेत’ २०२१ च्या डिसेंबरात मिळालं. मापं जुळली, आणि लाकडातल्या वर्षवलयांवरून त्याची ओक झाडं १६२७ मध्ये मेलारेन सरोवराच्या परिसरात तोडलेली निघाली, तेव्हा २०२२ मध्ये नाव जाहीर झालं. आमच्या सांगाड्याचं अजून मोजमापच चालू आहे. दृश्यता दीड मीटर, पाणी सहा अंश. ड्रायसूटचे (अंग कोरडं ठेवणाऱ्या डायव्हिंग पोशाखाचे) जाड हातमोजे घालून टेपवरचा आकडा धरणं म्हणजे वैताग. फळ्या लोखंडी खिळ्यांनी नाही, लाकडी खुंट्यांनी जोडल्यात, एवढं नक्की.

कायद्याचंही बघा. स्वीडनमध्ये १८५० पूर्वी बुडालेलं जहाज आपोआप संरक्षित असतं. हात लावायचा नाही, खिळासुद्धा उचलायचा नाही. सापडलं की आधी कळवायचं. खोलीची मापं गोळा करून नकाशा पसरवायलाही परवानगी लागते, तेव्हा रेकॉर्डिंग कुठे टाकण्याआधी चौकशी करा.

घ्यावं का? पंचवीस मीटरच्या आतलं पाणी, एकाच पट्टीत तासन्‌तास फिरायची चिकाटी असलेला चालक आणि खाली उतरून बघणारा पाणबुड्या असेल तर खुशाल घ्या. त्याहून खोल शोधायचं असेल तर हे पैसे ओढायच्या सोनारसाठी साठवा. आम्ही पुढच्या मोसमाला वापरलेला बघतोय. कुणी चालवला असेल तर केबल किती लांब घेतली आणि हाताने ओढता येते की विंच (केबल गुंडाळायचं यंत्र) लागतो, ते सांगा.